धाकट्यांचा खेळ, थोरांची धांवपळ

आपल्या पंचांगांत ऋतू सहा सांगितले आहेत. अमेरिकेंत ज्या घरीं आठ-दहा वर्षांचें मूल आहे त्या घरीं आणखी एक सातवा ऋतु मानावा लागतो. हिंवाळ्यांत बाहेर बर्फ पडत असतांनाच नांवनोंदणीनें त्याची चाहूल लागते, एप्रिलांत तो भरास येतो आणि जूनच्या मध्यास ओसरतो. ज्यांचें मूल विशेष चपळ निघालें त्यांच्या घरीं तो जुलैअखेरही हटत नाहीं. या ऋतूचें नांव बेसबॉल. 2024 सालच्या मार्चपासून जूनपर्यंत आमचा मुक्काम न्यू जर्सी संस्थानांत आमच्या चिरंजीवांकडे होता. नातू बारा वर्षांचा होता, आणि त्या घराचें जेवणें-निजणें, फार काय पण बोलणें आणि अबोला हींही या एका खेळाच्या वेळापत्रकावर कशीं बेतलेलीं होतीं हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें-नातवंडें आतां त्या देशांत आहेत. यास्तव या महिन्यांत तोच विषय घेत आहों.

खेळ ठाऊक नसणाऱ्यांकरितां त्याचें स्वरूप थोडक्यांत सांगितलें पाहिजे. एक चौकोन कोंपऱ्यावर उभा करून त्याच्या चार कोंपऱ्यांस चार ठाणीं मांडलेलीं असतात. म्हणून त्यास 'डायमंड' म्हणजे हिरा असें नांव. त्यांतील एका ठाण्यास 'होम', म्हणजे घर, म्हणतात. तेथें बॅट घेऊन उभ्या असलेल्या गड्याकडे समोरचा पिचर चेंडू टप्पा न पाडतां फेंकतो. मारण्याजोगे तीन चेंडू हुकले किंवा सोडून दिले कीं गडी बाद. टोला साधला तर बॅट टाकून धांवत सुटावयाचें आणि पहिलें, दुसरें, तिसरें अशीं ठाणीं घेत पुन्हां घरीं यावयाचें. घरीं पोंचला कीं एक धांव. तीन गडी बाद झाले कीं पाळी पालटते. थोरांच्या सामन्यांत अशा नऊ पाळ्या, मुलांच्या सामन्यांत सहा. ठाण्याठाण्यांतील अंतर थोरांना 90 फूट, तर बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना 60. पिचर आणि घर यांमधील अंतर थोरांना 60 फूट 6 इंच, मुलांना 46 फूट. क्रिकेटवर वाढलेल्या माणसास पहिले कांहीं दिवस सारें उलटेंच वाटतें. येथें यष्टि राखावयाची नाहीं, आणि दहा खेपांत तीनदां टोला साधणारा फलंदाज उत्तमांत गणला जातो. शंभरांत पस्तीस गुण न मिळविणारास नापास ठरविण्यांत आमची हयात गेली, तेव्हां ही उदार परीक्षा आम्हांस सहजासहजीं पचली नाहीं. मात्र खेळांत घर आहे आणि घरीं परतणें हाच पराक्रम आहे, ही गोष्ट आमच्या मंडळींना फार आवडली.

मुलांच्या या खेळास घडी घालून देणारी संस्था म्हणजे 'लिटल लीग'. पेनसिल्व्हेनिया संस्थानांतील विल्यम्सपोर्ट येथें कार्ल स्टॉट्झ नांवाच्या गृहस्थांनीं ती 1939 सालीं काढली. नात्यांतील दोन मुलग्यांशीं खेळतांना त्यांच्या मनांत आलें कीं लहानांच्या शक्तीस साजेसें मैदान आणि साजेशी बॅट असावी. आणि अंतरें किती ठेवावीं हें त्यांनीं मुलांनाच प्रत्यक्ष धांवावयास लावून ठरविलें. पहिल्या वर्षीं संघ तीनच होते आणि त्यांचीं नांवें खर्च सोसणाऱ्या व्यापाऱ्यांचीं: एक दुग्धालय, एक लांकडाची कंपनी आणि एक प्रेट्झेल नांवाच्या खाऱ्या खाद्याचा कारखाना. 6 जून 1939 रोजीं झालेल्या पहिल्या सामन्यांत लांकूडवाल्यांनीं दूधवाल्यांस 23 विरुद्ध 8 असें हरविलें. 1947 सालापासून विल्यम्सपोर्टास मोठी स्पर्धा भरूं लागली. ती आज दरवर्षीं ऑगस्टांत होते आणि तींत देशोदेशींचीं मुलें येतात. इतकी भरभराट झाल्यावर पैसा आला आणि पैशामागून मतभेद आले. 1955 सालीं स्टॉट्झ आणि संस्था यांचा वाद न्यायालयांत गेला, आणि ज्यानें झाड लावलें तो कुंपणाबाहेर राहिला.

त्याच 1955 सालची आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. साऊथ कॅरोलायना संस्थानांतील चार्ल्सटन शहरीं 'कॅनन स्ट्रीट वाय. एम. सी. ए.' या नांवाचा कृष्णवर्णी मुलांचा संघ होता. त्यानें स्पर्धेंत नांव घालतांच तेथील गोरे संघ स्पर्धा सोडून निघून गेले. मग खेळल्यावांचून जिंकला म्हणून या संघासच पुढें जाण्यास अपात्र ठरविण्यांत आलें. आणि त्या मुलांना विल्यम्सपोर्टला पाहुणे म्हणून नेऊन दुसऱ्यांचा खेळ पाहत बसविलें. त्यांना खेळूं द्या, असा प्रेक्षकांनीं ओरडा केला, तरी खेळावयास मिळालें नाहीं तें नाहींच. हें वाचून त्या देशास नांवें ठेवण्यापूर्वीं आपण पुण्याकडे पाहावें. बाळू पालवणकरांच्या गोलंदाजीवर आपल्या लोकांनीं गोऱ्या साहेबांस नमविलें. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांस चालत असे, आणि चहाच्या वेळीं त्यांस मात्र बाहेर मातीच्या भांड्यांत निराळा चहा मिळे. हिंदु संघाचें नायकपद त्या घराण्यांत 1923 सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांच्या रूपानें आलें.

मुलींनाही दार उशिराच उघडलें. न्यू जर्सींतीलच होबोकन येथें मारिया पेपे नांवाची मुलगी 1972 सालीं संघांत तीन सामने खेळली. संस्थेनें हरकत घेतली, प्रकरण न्यायासनापुढें गेलें आणि 1974 सालीं निकाल मुलींच्या बाजूनें लागला. तोंवर तिचें स्वतःचें खेळण्याचें वय उलटून गेलें होतें. आमच्या नातवाच्या संघांत घराच्या ठाण्यामागें चेंडू झेलावयास एक मुलगीच बसे, आणि सबंध मैदानावर तिच्याइतका खणखणीत आवाज कोणाचाही नव्हता.

आतां घराकडे वळूं. मंगळवारीं आणि गुरुवारीं सायंकाळीं सराव, शनिवारीं सामना, पाऊस पडून चिखल झाला तर तोच सामना बुधवारीं. त्यामुळें रात्रीचें जेवण एक तर पांच वाजतां किंवा नऊ वाजतां. पांच वाजतां भूक नसते आणि नऊ वाजतां शुद्ध नसते. यावर आमच्या मंडळींनीं उपाय काढला तो असा कीं पोळीस तूप-साखर लावून तिची सुरळी करावयाची, कागदांत गुंडाळावयाची आणि मोटारींतच मुलाच्या हातीं द्यावयाची. कोशिंबीर आणि वरण-भात हीं चार महिने केवळ रविवारचीं पक्वान्नें होऊन बसलीं. विजारी पांढऱ्या आणि मैदानाची माती तांबडी. ठाणें गांठण्यासाठीं मुलें घसरत जातात, त्यामुळें गुडघ्यावरचा डाग कोणत्याही साबणास दाद देत नाहीं. सूनबाई नोकरीवरून आल्या कीं प्रथम ती विजार भिजत घालीत आणि मग कपाळावरचा घाम पुशीत. सूर्यफुलाच्या बिया चघळून टरफलें जागच्या जागीं थुंकावयाचीं ही एक चाल मुलांनीं मोठ्या खेळाडूंपासून उचललेली आहे. ती पाहून आमच्या मंडळींनीं पहिल्या सामन्याच्या दिवशीं तोंड फिरविलें तें सामना संपेपर्यंत फिरविलेलेंच होतें.

हा सारा गाडा पगारी माणसांवर चालत नाहीं, ही गोष्ट मात्र घेण्याजोगी आहे. संघाचे शिक्षक म्हणजे मुलांचे वडीलच. मैदानावर चुन्याच्या रेघा ओढणारे, पंच म्हणून उभे राहणारे, हिशेब ठेवणारे, सारे शेजारपाजारचे गृहस्थ आणि गृहिणी. प्रत्येक कुटुंबानें हंगामांत दोन-तीनदां मैदानालगतच्या खाण्याच्या दुकानांत उभें राहावयाचें असतें. आमच्या शाकाहारी सूनबाई तेथें चिमट्यानें सॉसेजें उचलून पावांत घालीत आणि वर मोहरीची चटणी ओढीत. यावर आमच्या मंडळींनीं मौन पाळलें. परंतु घरीं आल्यावर सूनबाईंनीं न सांगतां स्नान केलें, तेव्हां तें मौन थोडें सैल झालें.

रविवारीं सकाळीं मराठी मंडळाची शाळा भरे. नातू तेथें तीन वर्षें जात होता. 'ळ' चा उच्चार त्याला आतां कोठें साधूं लागला होता. पण शिशिरांत एक नवी गोष्ट घडली होती. गांवच्या लीगखेरीज दुसऱ्या एका संघांत त्याची निवड झाली. असे संघ चांगले खेळाडू निवडून घेतात, भरभक्कम शुल्क घेतात आणि शनिवार-रविवार मुलांना गांवोगांवच्या स्पर्धांना नेतात. आमच्या चिरंजीवांस ही निवड म्हणजे मोठा मान वाटला. पुढें विद्यालयाच्या संघांत जागा, मग विश्वविद्यालयाची शिष्यवृत्ति, अशी सोपानपरंपरा त्यांच्या मनांत उभी राहिली. रविवारची शाळा सुटली. सूनबाई म्हणाल्या, "एका हंगामापुरतेंच ना?" चिरंजीव म्हणाले, "एका हंगामापुरतेंच." आम्ही पाहुणे, आम्हीं आमचें मत विचारल्यावर दिलें, आणि तें शाळेच्या बाजूनें होतें हें सांगावयास नकोच.

नातू पिचर होता, आणि चांगला होता. येथें एका नियमाची माहिती दिली पाहिजे. मुलांच्या हातावर ताण पडूं नये म्हणून लिटल लीगनें 2007 सालापासून फेंकींची मोजदाद सुरू केली. अकरा-बारा वर्षांच्या मुलास एका दिवसांत 85 हून अधिक फेंकी करतां येत नाहींत, आणि 65 हून अधिक केल्यास मध्यें चार दिवस विसांवा द्यावाच लागतो. नियम उत्तम आहे. परंतु लीगची वही लीगपुरतीच. दुसऱ्या संघाची वही निराळी, तेथील शिक्षक निराळे, आणि एका वहीस दुसरीची ओळख नसते. दोन शाळांत नांव घातलेल्या मुलाची हजेरी दोन्हीकडे पूर्ण लागावी तसाच हा प्रकार. मे महिन्याच्या मध्यास एका शनिवारीं त्यानें लीगच्या सामन्यांत 78 फेंकी केल्या, आणि रविवारीं ऐंशी मैलांवरच्या स्पर्धेंत 61. दोन्ही सामने जिंकले. रविवारीं रात्रीं चिरंजीवांचा आनंद पाहण्यासारखा होता.

सोमवारीं रात्रीं पानें मांडलीं होतीं. आमच्या मंडळींचें लक्ष नातवाकडे गेलें आणि त्या म्हणाल्या, "अरे, डाव्या हातानें का घांस घेतोस? उजवा हात कुठें आहे?" तो म्हणाला, "आजी, आय ॲम ट्रायिंग समथिंग." दुसरा घांसही डाव्याच हातानें गेला. घरीं चमच्याची सवय असती तर ही गोष्ट आणखी महिनाभर कोणाच्या ध्यानांत आली नसती. सूनबाईंनीं उठून त्याचा उजवा हात टेबलाखालून वर घेतला. कोंपर पुरतें सरळ होत नव्हतें.

डॉक्टरांनीं दोन्ही कोंपरांचे क्ष-किरणांनीं फोटो घेतले आणि ते शेजारीं शेजारीं लावून दाखविले. वाढत्या मुलाच्या हाडांच्या टोंकाशीं कूर्चेचा मऊ थर असतो. तेथूनच हाड वाढतें. जोरानें फेंकतांना पुढच्या हाताचे स्नायू कोंपराच्या आंतल्या बाजूचा हा थर पुनःपुन्हां ओढतात. थोराच्या बाबतींत ज्या ताणानें बंध दुखावेल त्याच ताणानें मुलाचा हा थर सुजतो आणि हाडापासून सुटूंही लागतो. या दुखण्याला त्या देशांत 'लिटल लीग एल्बो' असेंच नांव पडलें आहे. आमच्या नातवाचा थर सुजला होता, सुटला नव्हता. उपाय एकच: सहा आठवडे चेंडू फेंकावयाचा नाहीं. मग डॉक्टरांनीं विचारलें, वर्षांतून किती महिने खेळतो आणि किती संघांत? उत्तर ऐकून ते चिरंजीवांकडे वळले. मुलानें वर्षांतून निदान चार महिने फेंकणें पूर्ण बंद ठेवावें आणि एकाच वेळीं दोन संघांतून खेळूं नये, असें तेथील बेसबॉलच्या प्रमुख संस्थांनीं 2014 सालींच सांगून ठेवलेलें आहे. चिरंजीव म्हणाले, पण त्याच्याबरोबरचीं सगळीं मुलें खेळतात. डॉक्टर म्हणाले, तीं सगळीं माझ्याकडे येतात.

टॉमी जॉन नांवाच्या प्रसिद्ध पिचरचा कोंपराचा बंध तुटला असतां 1974 सालीं डॉक्टर फ्रँक जोब यांनीं दुसऱ्या हातांतील स्नायुरज्जु काढून तेथें बसविला. तो 1976 त मैदानावर परतला आणि पुढें 1989 पर्यंत खेळला. शस्त्रक्रियेस त्याचेंच नांव मिळालें. या एका यशामुळें कित्येक पालकांस असें वाटूं लागलें आहे कीं हात बिघडला तरी फिकीर नाहीं, तो शिवून पूर्वीहून चांगला होतो. पोरसवदा मुलांवर ही शस्त्रक्रिया करण्याची पाळी यावी याहून खेदाची गोष्ट ती कोणती?

परततांना मोटारींत चिरंजीवांनीं विचारलें, "दुखत केव्हांपासून होतें?"

"दोन आठवडे."

"मग बोलला कां नाहींस?"

बराच वेळ उत्तर आलें नाहीं. मग तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "सांगितलं असतं तर आपण गेलों नसतों. गाडींतच तर तुम्ही माझ्याशीं बोलतां."

चिरंजीवांच्या कामाचें स्वरूप असें कीं घरीं असले तरी ते कचेरींतच असतात. कानाला यंत्र आणि डोळ्यांपुढें पडदा. शनिवार-रविवारच्या त्या दीड-दीड तासांच्या प्रवासांत मात्र यंत्र बंद असे. मुलानें आपलें कोंपर किती किंमतीस विकलें होतें, हें त्या वेळीं आम्हां सर्वांस कळलें. चिरंजीव कांहीं बोलले नाहींत. पुढचें वळण चुकलें आणि आम्ही वीस मिनिटें उशिरां घरीं पोंचलों.

घरीं त्या रात्रीं सूनबाई मोकळेपणानें बोलल्या. त्यांचें म्हणणें असें कीं वाईट कोणाचाच हेतु नव्हता, पण चार महिने आम्ही सर्व जण मुलाच्या भोंवतीं धांवत होतों आणि मुलाकडे पाहत कोणीच नव्हतें. दुसऱ्या संघास त्यांनीं स्वतः पत्र लिहिलें. तेथून उत्तर आलें कीं शुल्क परत मिळणार नाहीं.

लीगच्या संघांत मात्र त्याचें नांव राहिलें. शिक्षकांनीं त्याला बाकावर बसवून गुणलेखनाची वही दिली, आणि तेथें त्याची आमच्याशीं खरी गट्टी जमली. ही वही म्हणजे एक शास्त्रच आहे. नऊ जागांस एकपासून नऊपर्यंत आंकडे दिलेले असतात: पिचर 1, त्याचा झेल घेणारा 2, पहिलें ठाणें 3, दुसरें 4, तिसरें 5, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला शॉर्टस्टॉप 6, आणि दूरचे तिघे 7, 8, 9. नुसतें '6-4-3' लिहिलें कीं चेंडू शॉर्टस्टॉपनें अडविला, दुसऱ्या ठाण्यावर दिला, तेथून पहिल्या ठाण्यावर गेला आणि एकाच फटक्यांत दोन गडी बाद झाले, एवढें आख्यान झालें. पाणिनीचे प्रत्याहार ज्यानें घोकले आहेत त्याला या लेखनाची गोडी लागल्यावांचून राहत नाहीं. या शास्त्राचा एक आद्यप्रवर्तक हेन्री चॅडविक (1824-1908). तो जन्मानें इंग्रज आणि आरंभीं क्रिकेटचा वार्ताहर. गडी तीन हुकांनीं बाद झाला तर 'के' हें इंग्रजी अक्षर लिहावयाचें ही त्याचीच युक्ति. नुसता उभा राहून बाद झाला तर तेंच अक्षर उलटें लिहितात. नातू आम्हांला आंकडे शिकवी, आणि आम्ही त्याला त्याच वहीच्या मागल्या पानावर 'अइउण्' पासून सूत्रें लिहून देऊं लागलों. दोन पाळ्यांच्या मधल्या वेळांत एक सूत्र, असा क्रम ठरला. जूनच्या पहिल्या आठवड्यांत तो आपण होऊन रविवारच्या शाळेंत गेला.

चिरंजीव त्या सामन्यांना येत. त्यांच्या मुलास खेळावयाचें नव्हतें, तरी येत आणि मोडत्या खुर्चीवर आमच्या शेजारीं बसत. पहिले दोन सामने ते अस्वस्थ होते. दुसऱ्या कोणाचा मुलगा पिचरच्या उंचवट्यावर उभा राहिलेला पाहणें त्यांस जड जाई. तिसऱ्या सामन्यास त्यांनीं नातवास विचारलें, "हा सात-दोन कसा लिहिलास?" त्यानें वही पुढें केली.

ऑगस्टांत डॉक्टरांनीं पुन्हां तपासलें आणि फेंकण्यास अनुज्ञा दिली. आरंभीं तीसच फुटांवरून, दिवसाआड आणि मोजून. शरदांतील स्पर्धांचें त्या वर्षापुरतें घरांत कोणी नांव काढलें नाहीं. तेव्हां आम्ही येथें परतलों होतों. सूनबाईंचें पत्र आलें, त्यांत लिहिलें होतें कीं सामने नसले तरी शनिवारीं सकाळीं बापलेंक मोटार घेऊन निघतात, दोन-अडीच तासांनीं परततात, आणि कुठें गेला होतां म्हणून विचारलें तर दोघेही सांगत नाहींत.